अकरावा रकाना

रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीत एकतीस वर्षं बसलेल्या त्या गृहस्थांना त्यांच्या खऱ्या नावानं फक्त पगारपत्रक ओळखत होतं. बाकी सगळ्यांसाठी ते रकानेमामा. केसपेपरवर चौदा रकाने होते आणि मामांच्या हातून सुटलेल्या केसपेपरवर एकही रकाना कधी रिकामा दिसला नाही, अशी त्यांची ख्याती होती. शेजारच्या खिडकीतले कारकून वय विचारायला विसरत, पत्त्यातला घर नंबर गाळत. मामांच्या कागदावर पेशंटची उंचीसुद्धा असे, आणि पेशंट स्ट्रेचरवर आडवा आलेला असला तरी असे.

चौदांपैकी तेरा रकाने मामा विचारून भरत. अकरावा बघून भरत.

अकराव्या रकान्यावर लिहिलं होतं 'समूह'. खाली सहा पर्याय: एक, नदीकाठचे, दोन, डोंगराकडचे, तीन, किनाऱ्यावरचे, चार, पठारावरचे, पाच, बाहेरून आलेले, सहा, इतर. हा रकाना कशासाठी घातला हे खातं केव्हाच विसरलं होतं, पण तो भरल्याशिवाय कागद पुढं सरकत नसे. पुढं कॉम्प्युटर आला, तोही तिथंच अडून बसे. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मामांनी हात मोडलेल्या एका गवंड्याला सरळ विचारलं होतं, "आपण कुठले?"

गवंड्यानं शाबूत हात खिडकीवर आपटला. "का? कुठल्या लोकांची हाडं जोडायची ते ठरलंय का इथं?"

पुढची चाळीस मिनिटं गवंडी बोलत होता आणि अख्खी रांग त्याच्या बाजूनं होती. त्यानंतर मामांनी हा प्रश्न कुणालाच विचारला नाही. त्यांनी पद्धत बसवली. तेच तेच दोनदा विचारणारा नदीकाठचा. पाचाहून जास्त नातेवाईक घेऊन येणारा किनाऱ्यावरचा. मागायच्या आत सगळी कागदपत्रं पुढं करणारा बाहेरून आलेला. मान खाली घालून गप्प उभा राहणारा डोंगराकडचा. मामा स्वतः डोंगराकडचे, तेव्हा इथं चुकीला वाव नव्हता. आणि जो आरडाओरडा करील, खिडकीवर थापा मारील, मामांच्या सात पिढ्यांचा उद्धार करील, तो पठारावरचा. पठारावरच्या माणसांचा अभ्यास मामांनी सव्वीस वर्षं घरीच केला होता. मामी तिकडच्या.

"वारा फार असतो हो तिकडे," मामा नव्या कारकुनांना समजावून सांगत. "लहानपणापासून ओरडल्याशिवाय ऐकूच जात नाही. त्यांचा दोष नाही."

यातल्या कशातच न बसणाऱ्यांसाठी सहा नंबर होता. वर्षाला तीनचार जण निघत, बहुतेक विमा एजंट.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टरीणबाई आल्या. हुशार, तडफदार, आणि आकड्यांवर जीव. त्यांना एका आजाराचा ध्यास होता. शरीराची जी संरक्षक फौज बाहेरच्या शत्रूशी लढायची, तीच फितूर होऊन आपल्याच मेंदूवर चालून जाते आणि मेंदूला सूज येते. मग कालपर्यंत धड असलेला माणूस भलतंच बोलायला लागतो, भांडतो, भास होतात, झटके येतात. कुणी एकदम मुका होतो. घरचे म्हणतात वेड लागलं, आणि त्याला तिसऱ्या मजल्यावर मनोविकारात ठेवलं जातं. वेळेत ओळखला तर माणूस बहुधा परत येतो. उशीर झाला तर सगळाच्या सगळा परत येत नाही. ओळखायचा तर पाठीच्या मणक्यातून पाणी काढून दूरच्या प्रयोगशाळेत पाठवावं लागे, आणि ती प्रयोगशाळा या रुग्णालयाला महिन्याला आठच तपासण्या करून देई.

कुणाच्या आठ, हा प्रश्न होता. बाईंनी मामांच्या दहा वर्षांच्या नोंदी उपसल्या. आजाराचे एकूण पेशंट निघाले त्रेसष्ट. त्यातले अडतीस समूह चार! रुग्णालयात येणाऱ्यांत पठारावरचे जेमतेम पाचातला एक. म्हणजे हिशेबानं इतरांच्या सहापट. जगात इतरत्रही वेगवेगळ्या लोकसमूहांत या आजाराचं प्रमाण कमीजास्त आढळल्याचं बाईंनी वाचलं होतं, त्यामुळे त्यांना आनंद झाला, आश्चर्य वाटलं नाही. त्यांचा निबंध छापून आला. त्याच्या शेवटी आभार होते: 'नोंदणी विभागातील ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या अचूक नोंदींशिवाय हे काम अशक्य होते.'

अशक्य होतं हे खरंच.

नोंदणी खिडकीशेजारी सूचना लागली. वागण्यात अचानक फरक पडलेला पेशंट समूह चारचा असेल तर पाण्याची तपासणी लगेच. बाकीच्यांचं आधी तिसऱ्या मजल्यावर तीन आठवडे निरीक्षण.

गावात चर्चा सुरू झाली. कुणी पठारावरच्या पाण्याला दोष दिला, कुणी शेळीच्या दुधाला. वारा कानातून आत जातो, असं एका निवृत्त इंजिनिअरनं वर्तमानपत्राला कळवलं. मामी मात्र भडकल्या.

"माझ्या माणसांची डोकी सुजतात असं छापलंय म्हणे तुमच्या बाईंनी!"

"टक्केवारी आहे ती," मामा म्हणाले.

"टक्केवारी गेली खड्ड्यात! आमचा भाऊ काल कामावर जरा मोठ्यानं बोलला, तर मुकादमानं त्याला तपासायला धाडलं. पाठीत सुई घालणार होते त्याच्या!"

"अगं, पण तू थोडं हळू..."

"मी हळूच बोलतेय!"

मामांनी तो निबंध वाचायला घेतला, तो आपले आभार पुन्हा एकदा पाहावेत म्हणून. वाचता वाचता ते दुसऱ्या पानावर अडले. 'पहिले लक्षण बहुधा अकारण आरडाओरडा आणि भांडण. अनेक पेशंट नोंदणीच्या वेळीच अनावर झालेले असतात.' मामांनी ते वाक्य तीनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि चौथ्यांदा वाचलं. आरडाओरडा करतो, तो आजारी. आरडाओरडा करतो, तो पठारावरचा. आजार पठारावरच्यांना होतो. एवढं सरळ गणित त्यांना शाळेत कधी सुटलं नव्हतं.

मामांनी पानं नीट जुळवून कपाटात ठेवली. निवृत्तीला सहा आठवडे उरले होते. सहा आठवडे गप्प बसणं डोंगराकडच्या माणसाला अवघड नव्हतं.

अवघड केलं ते त्यांच्या धाकट्या बहिणीनं. ती शाळांचे गणवेश शिवायची. घरात तिला चिमणी म्हणत, पण चिमणी तिच्या मानानं बडबडी. तिचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. लोक त्यांना घड्याळजीच म्हणत. दोघांच्या घरात टिकटिक आणि शिवणयंत्र याशिवाय आवाज नसे. एका रविवारी दोघं मामांकडे जेवायला आलेली असताना चिमणीनं चमचा खाली ठेवला.

"वहिनी, तुमचं सूप मी वीस वर्षं त्या कुंडीत ओततेय. आधीचं झाड त्यानंच मेलं."

मामीच खो खो हसल्या. "अगं बाई, बोलता येतं की हिला! एवढी वर्षं कुठं ठेवलं होतंस हे तोंड?"

पुढचे तीन दिवस सगळ्यांना मजाच वाटली. चिमणीनं मुख्याध्यापकांना त्यांच्या पोटाचं खरं माप सांगितलं. घरमालकाला त्याच्या जिन्याबद्दल सांगितलं. फक्त घड्याळजी हसत नव्हते. ते वहीत नोंद ठेवत होते. "सोमवारी चौदा वाक्यं," ते मामांना म्हणाले. "मंगळवारी एकशे दहा. बुधवारी मोजता आली नाहीत. दादा, एवढी गती बरी नाही. यंत्रात काहीतरी सुटलंय."

गुरुवारी तिनं शर्टाला तीन बाह्या लावल्या आणि शुक्रवारी कात्री हातात घेऊन हे काय असतं म्हणून विचारलं. शनिवारी सकाळी तिला झटका आला. तासाभरात घड्याळजी तिला धरून नोंदणी खिडकीसमोर उभे होते, मागून मामी पिशवी घेऊन धावत आलेल्या.

खिडकीत आपला भाऊ बसलाय हे चिमणीला ओळखू आलं की नाही, कोण जाणे. पण तिनं मामांकडे बोट दाखवलं आणि अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असं ओरडली, "हा माणूस विचारत नाही! बघून लिहितो! सगळं बघून लिहितो!"

रांगेतल्यांनी दयेनं मान हलवली. बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिथं खरं बोलणारी तेवढी एकटीच होती, आणि हे कळणारे मामाही एकटेच.

त्यांनी दहा रकाने भरले आणि अकराव्यावर थांबले. घड्याळजींनी जन्मदाखला पुढं सरकवला. "दोन. डोंगराकडची."

दोन म्हणजे तिसरा मजला. तीन आठवडे. मामांनी चिमणीकडे पाहिलं. ती खिडकीवर दोन्ही हातांनी थापा मारत त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती, आणि त्या पिढ्या तिच्याही होत्या. पद्धतीप्रमाणे ती सरळसरळ पठारावरचीच. मामांनी चार दाबलं.

"दादा, चार कसं?" घड्याळजी वाकून म्हणाले. "दाखल्यावर दोन आहे."

"मशीन चार घेतंय."

"मशीन माणूस घालेल ते घेतं. माझं आयुष्य गेलंय मशिनांत."

"मेहुणे," मामा दातओठ खात हळू आवाजात म्हणाले, "दाखला खरा करायचाय की बायको बरी करायचीय?"

घड्याळजींनी दाखल्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. "दाखला घरी राहिला वाटतं," ते म्हणाले. आयुष्यातलं ते त्यांचं पहिलं खोटं. ते बोलताना त्यांचे कान लाल झाले.

मामींनी पडद्यावरचा आकडा पाहिला. "आलीस होय आमच्यात? आमचं सूप चालत नाही, समूह बरा चालतो!" असं म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि चिमणीचा हात धरून तिला आत नेलं.

त्याच दुपारी पाणी काढलं, पाचव्या दिवशी अहवाल आला. तोच आजार. सलाइनमधून औषधं सुरू झाली. डॉक्टरीणबाई स्वतः खिडकीवर आल्या.

"मामा, वेळेत आली ती. वाचली. पण तुम्ही पठारावरचे, हे कधी बोलला नाहीत?"

"आईकडून," मामा म्हणाले. त्यांची आई डोंगराच्या ज्या कड्यावर जन्मली तिथून पठार दिसतसुद्धा नसे.

"चौसष्टातले एकोणचाळीस!" बाई खुशीत म्हणाल्या. "या महिन्यातली एक तपासणी उरलीय, ती मी राखून ठेवलीय. पुढच्या पठारावरच्या पेशंटसाठी."

मामांचं काम झालं होतं. बहीण वाचली होती, आभार शाबूत होते, चार आठवडे उरले होते. पण खिडकीसमोरच्या बाकावर एक बाई रोज येऊन बसत होती. तिचा नवरा पोस्टमन. चिमणी आली त्याच्या आठवडाभर आधी तोही आला होता. त्यानं चार दिवस सगळ्या वस्तीचं टपाल एकाच दारात टाकलं होतं, रोज बेल वाजवून, नमस्कार करून. त्या घरातल्या निवृत्त दंतवैद्यांनी तक्रारही केली नाही; काही पत्रांना ते उत्तरं लिहायला लागले होते. खिडकीवर पोस्टमन मान खाली घालून गप्प उभा राहिला होता, म्हणून मामांनी त्याला दोन दिला होता. आता त्याला तिसऱ्या मजल्यावर बारा दिवस झाले होते. तो बोलायचा थांबला होता, आणि कालपासून गिळायचाही.

त्या दिवशी बाकावरची बाई उठून खिडकीशी आली. "मामा, वर म्हणतात अजून नऊ दिवस निरीक्षण. ती पाटी वाचली मी. चार नंबरवाल्यांना लगेच घेतात ना?"

"हो."

"मग आम्हाला का नाही घेतलं? आम्ही पठारावरचेच की. दोघंही."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. "पण तुम्ही ओरडला नाहीत," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"कुणावर ओरडायचं?" बाईनं विचारलं. "तुम्ही काही विचारलंच नाही."

मामांनी लगबगीनं दुरुस्तीचा अर्ज काढला. कुठलीही नोंद बदलायची तर तो अर्ज भरून डॉक्टरांची सही घ्यावी लागे. त्यालाही रकाने होते. जुनी नोंद: दोन. नवी नोंद: चार. तिसरा रकाना: चुकीचे कारण. तिथं सगळे 'नजरचूक' लिहीत, आणि मामांच्या बाबतीत तर ते अक्षरशः खरं होतं. ते लिहून अर्ज वर पाठवला असता तर राखून ठेवलेली तपासणी पोस्टमनला मिळाली असती आणि कुणाला काही कळलं नसतं. पण चौथा रकाना होता: अशाच प्रकारच्या इतर नोंदी असल्यास संख्या. मामांनी शून्य काढायला पेन टेकवलं. मग त्यांना तिसऱ्या मजल्यावरचे बाकीचे गप्प लोक आठवले. त्यांतल्या कितींना त्यांनी स्वतःच्या हातानं दोन दिला होता, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पेन तसंच राहिलं. ठिपक्याचा डाग मोठा होत गेला. मागून कुणीतरी ओरडलं, "मामा, झोपलात का?"

कारणाच्या रकान्यात मामांनी लिहिलं: विचारले नव्हते. शेवटच्या रकान्यात लिहिलं: सुमारे सात लाख. आणि नोंद काटेकोर असावी म्हणून कंसात: सोमवारची सकाळ सोडून.

डॉक्टरीणबाईंनी अर्ज उभ्यानंच वाचला. मग त्या बसल्या.

"सोमवारच्या सकाळी काय होतं?"

"मला सुट्टी असते. दुसरा कारकून असतो. तो विचारतो."

"आणि तुम्ही?"

मामांनी पद्धत सांगितली. दोनदा विचारणारे, पाच नातेवाईक, विमा एजंट, सगळं. पठाराशी आले तेव्हा बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांना कळलं होतं. पुढच्या पंधरवड्यात हाच निबंध त्या परगावच्या मोठ्या सभेत वाचणार होत्या.

"माझी बहीणही दोनच आहे," मामांनी उरलेलं सांगून टाकलं. "चार मीच दाबलं."

"म्हणजे पठारावर काहीच नाही?"

"असेलही. मला काय ठाऊक?"

"मलाही नाही," बाई म्हणाल्या. "सकाळपर्यंत ठाऊक होतं." मग एकदम भानावर येत त्यांनी फोन उचलला. "तिसऱ्या मजल्यावरच्या पोस्टमनना खाली आणा. पाणी काढायचंय. हो, आत्ता... समूह?" त्यांनी मामांकडे पाहिलं. "आजारी लोकांचा," असं म्हणून त्यांनी फोन आपटला आणि तरातरा खाली जाऊन ती सूचना स्वतःच्या नखांनी खरवडून काढली. चारही कोपरे भक्कम चिकटवलेले होते, चिकटवले मामांनीच.

पोस्टमनलाही तोच आजार निघाला. औषधं लागू पडली, पण सावकाश. पत्ते त्याला सगळे परत आठवले, आपल्या मुलीच्या लग्नाचा दिवस आठवला नाही. "बारा दिवस आधी खाली आणलं असतं, तर..." बाई एकदा म्हणाल्या आणि त्यांनी वाक्य तिथंच सोडलं. मामा समोरच होते. त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात बऱ्याच दिवसांत बऱ्याच तऱ्हांनी पुरं करून पाहिलं. एकाही तऱ्हेनं ते सुसह्य झालं नाही. चिमणी मात्र महिन्याभरात घरी गेली, आणि तिनं पहिलं काम केलं ते त्या शर्टाची तिसरी बाही उसवण्याचं.

बाईंनी निबंध मागं घेतला. सभेत जाऊन त्यांनी तो का मागं घेतला हे सांगितलं, आणि म्हणे त्या दिवशी सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना आपापल्या रुग्णालयातली नोंदणी खिडकी आठवली असावी. मामांची चौकशी झाली. लेखी ताकीद मिळाली. निरोपसमारंभातल्या अधीक्षकांच्या भाषणातून 'अचूक सेवा' काढून 'दीर्घ सेवा' घालण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी निवृत्त रकानेमामा पुन्हा रुग्णालयात हजर. बाईंनी त्यांना कोपऱ्यातलं टेबल आणि फोन दिला. निबंधातल्या त्रेसष्टच्या त्रेसष्ट घरी फोन करून विचारायचं, जे एकतीस वर्षांत विचारलं नव्हतं ते.

"आणि शिव्या दिल्या तर?" मामांनी विचारलं.

"दिल्या तर ऐकायच्या," बाई म्हणाल्या. "त्यावरून काही लिहायचं मात्र नाही."

पहिल्या घरी फोन उचलला तो एका म्हाताऱ्या बाईंनी. त्यांचा मुलगा सहा वर्षांपूर्वी याच आजारातून उठला होता. नोंद समूह चार. मामांनी घसा खाकरला. "नमस्कार. रुग्णालयातून बोलतोय. राग मानू नका, पण... आपण कुठले?"

म्हातारी म्हणाली, "आम्ही होय? थांबा हं, बसून सांगते. म्हणजे यांचे वडील किनाऱ्यावरचे, पण वाढले नदीकाठी मामाकडे. माझी आई डोंगरातली, ती पळून आली होती एका पठारावरच्या माणसाबरोबर, पण तो काही माझा बाप नव्हे. बाप बाहेरचा, जहाजावरचा. आणि सून आहे ती, तिचं तर वेगळंच... लिहिताय ना?"

"लिहितोय," मामा म्हणाले. समोरच्या छापील कागदावर अकराव्या रकान्यात एका आकड्यापुरतीच जागा होती. त्यांनी तो कागद बाजूला सारला आणि एक कोरा घेतला.